सगळ्यांची पेटी, कुणाची किल्ली?

सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूची काळजी कुणी घ्यायची? शहरात भाड्यानं राहणाऱ्याला हा प्रश्न जिन्याखालच्या टपालपेटीपाशी भेटतो. पत्र्याची एकच पेटी, एकच कुलूप आणि किल्ल्या किती जणांकडे आहेत याचा हिशेब नाही. आमच्या इमारतीतली अशी पेटी फोडली गेली, तेव्हा बरेच जण म्हणाले, 'जाऊ द्या, हल्ली पत्रं येतात कुणाला?'

येतात ना. आधारचं पत्र साध्या टपालानं येतं. पाकिटावरचं नाव, पत्ता आणि आतला नंबर चोराच्या उपयोगाचे असतात. ज्याची सगळी कामं मोबाईलवर होतात, त्याचं पेटीवाचून अडत नाही. अडतं ते नव्यानं आलेल्या भाडेकरूचं, पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांचं. नेमकं सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूला मत नसतं.

माझं गाव हट्टा, वसमत तालुक्यातलं. तिथं आमच्या घराला टपालपेटीच नाही. पोस्टमनकाका हाक मारतात. घरी कुणी नसलं तर पत्र शेजारी ठेवतात. ते आजवर हरवलं नाही, कारण ओळख राखण करते. पण ही राखण फुकट मिळत नाही. मुलीला नोकरीचा कॉल आला की बँकेची थकबाकीची नोटीस, हे घरच्यांआधी गल्लीला कळतं. म्हणून मला कुलूप हे निव्वळ अविश्वासाचं लक्षण वाटत नाही. आपली गोष्ट आपल्याला आधी कळावी, एवढा साधा हक्कही त्यात असतो.

शनिशिंगणापूर बिनदरवाजाच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. 2011 मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. पण तिथला भरवसा शनिदेवावरच्या श्रद्धेतून आला. दर अकरा महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या इमारतीत ना तशी श्रद्धा असते, ना गावासारखी ओळख. तिथं भरवसा ठरवून उभा करावा लागतो.

कायदाही इथं काही सुचवतो. 1898 च्या टपाल कायद्यानुसार पत्र घरी पोचवलं की ते माणसाला पोचलं, असं धरलं जाई. आता त्या जागी नवा कायदा आला आहे. पण एक गोष्ट उरतेच: पत्र फटीतून आत पडलं की पोस्टमनचं काम संपतं. पुढची राखण राहणाऱ्यांची. तरी पत्र हरवलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो.

मग करायचं काय? जाड पत्र्याची पेटी, प्रत्येक घराला वेगळा कप्पा, वेगळं कुलूप. फट हात जाणार नाही इतकी अरुंद, बिजागऱ्या आतल्या बाजूला. पेटी उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत, भिंतीला आतून बोल्टनं घट्ट बसवलेली. भाडेकरू बदलला की कुलूप बदलायचं. आणि पेटी रोज रिकामी करायची. साचलेलं टपाल चोराला बोलावतं.

कप्पे वेगळे असले, तरी खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा, असं माझं मत आहे. 'मला पत्र येत नाही, मी का देऊ?' हा हिशेब पहिल्या मजल्यावरच्यानं लिफ्टसाठी मांडला, तर सहाव्या मजल्यावरच्या आजींनी काय करायचं? ज्याचं पेटीवाचून अडत नाही, त्यानंही वर्गणी दिली, तरच ती पेटी सगळ्यांची.