पत्ता बरोबर येत नाही

हैदराबादच्या बेगम बाजारातली पेढी एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेली, तर गिऱ्हाईक तिला शोधत येतं. निजाम अली खान यांच्या बेगम, हुमदा बेगम, यांनी ही जमीन व्यापाऱ्यांना दिली असं सांगितलं जातं. तेव्हापासून इथे किती पेढ्या आल्या, वाढल्या, वाटण्या होऊन दुसरीकडे गेल्या. एकोणिसाव्या शतकात इथे गोसावी आणि मारवाडी सावकार बसत. हुंडीवर गाव आणि पेढीचं नाव असलं की काम भागे. दुकान कोणत्या बोळात, कितव्या माळ्यावर, हे हुंडी आणणाऱ्याने विचारून काढायचं. आजही नांदेड-लातूरकडचा दुकानदार सुका मेवा, मसाले किंवा भांडी भरायला येतो तो पेढीचं नाव घेऊनच.

दारावरचा क्रमांक मात्र पेढीबरोबर जात नाही. हैदराबादच्या जुन्या वस्त्यांतले घरक्रमांक तीन भागांचे असतात: आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर. बेगम बाजारचा क्रमांक १४ किंवा १५ ने सुरू झाला की टपालवाल्याचं निम्मं काम तिथेच होतं. उद्या कोणी दुकान शहराबाहेर मेडचलला हलवलं आणि तिथल्या दारावर हीच पाटी ठोकली, तर पत्रं बेगम बाजारातच येत राहतील. तो क्रमांक दुकानदाराने मिळवलेला नसतो. तो जागेचा असतो.

इंटरनेटवरचा आयपी पत्ता या दारावरच्या क्रमांकाच्या जातीचा आहे, आणि आपण तो पेढीच्या नावासारखा वापरत आलो आहोत. सर्व्हर हलवताना जी ओढाताण होते, तिचं मूळ इथे आहे.

बेगम बाजार, उस्मानगंज, सिद्दिअंबर बाजार या पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा. इथला सर्व्हर म्हणजे वातानुकूलित खोलीतलं यंत्र नव्हे. पहिल्या माळ्यावर, पोत्यांच्या थप्पीमागे एक पत्र्याचं कपाट, त्यात टॅली चालवणारा संगणक, राउटर आणि यूपीएस. पंख्याच्या जाळीवर मिरचीची बारीक पूड बसते. ब्रशने झाडताना शिंका आवरत नाहीत. मी सांगतो आहे त्या पेढीत राउटरच्या वर, भिंतीवरच, आधीच्या कोणा तंत्रज्ञाने स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मार्करने लिहून ठेवला होता. चार आकडे, मध्ये टिंबं. शेजारी त्याच अक्षरात विजेच्या मीटरचा क्रमांक. दोन्ही सारखेच कायमचे वाटावेत असे.

गोदाम शहराबाहेर न्यायचं ठरलं, म्हणून सर्व्हरही तिकडे. तिथे जुन्या इंटरनेट सेवादाराची लाइन पोचत नव्हती, दुसऱ्याची होती. शेठजींचा एकच आग्रह होता: "नंबर वहीच रखना, भाई. नंबर तो अपनाच है." मुनीमजी उदगीरचे, माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांनी तोच मुद्दा हिशेबाने मांडला. "अहो, दरसाल स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरलेत आपण. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी राहतो, मग हा का नाही राहत?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर योगायोगाने एकाच मोसमातल्या दोन तारखांमध्ये सापडतं. नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी २०११ रोजी, मायामीत झालेल्या कार्यक्रमात आयपी पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय नोंदणीसंस्थांना वाटून टाकले गेले. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकची एपनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गटावर आली आणि तिने प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असं रेशन लावलं. एका बाजूला नंबर ग्राहकाचा झाला, दुसऱ्या बाजूला पत्ते दुर्मीळ झाले. दोन्ही बातम्या ऐकलेल्या माणसाला आपला आयपी आपल्या मालकीचा आहे असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

फरक आहे तो आतल्या व्यवस्थेत. मोबाइल नंबर हलवता येतो, कारण फोन लावला की जाळं आधी एक यादी बघतं: हा नंबर सध्या कोणत्या कंपनीकडे आहे? उत्तर मिळालं की मग वाट धरतं. म्हणजे तिथे नंबरचं कधीच नाव झालं आहे. आयपी पत्त्याला अशी मधली यादी नाही. जगभरचे राउटर पत्त्याचे पुढचे आकडे बघतात आणि 'या आकड्यांचं सगळं टपाल अमुक सेवादाराकडे' एवढंच ध्यानात ठेवतात. सेवादाराकडे हजारो पत्त्यांचा सलग गट असतो. त्यातले पाच-सहा आपल्याला वापरायला मिळतात. बाहेरच्या जगाला आपण वेगळे दिसतच नाही. आपल्या गल्लीपर्यंत आणून सोडायचं काम सेवादाराच्या घरचं.

आता समजा, शेठजींच्या हट्टापायी तो एक पत्ता गटातून उचलून दुसऱ्या सेवादाराकडे नेला. मग जगभरच्या राउटरांना एक जादा ओळ लक्षात ठेवावी लागेल: सगळा गट तिकडे, पण हा एक इकडे. अशी सवलत बेगम बाजाराच्या एका पेढीला दिली, तर शेजारच्याला का नाही? म्हणून जाळी चालवणाऱ्यांनी आपसात दंडक घातला आहे की सलग २५६ पत्त्यांहून लहान गटाची स्वतंत्र वाट सहसा कोणी ऐकून घेत नाही. हा दंडक किती गरजेचा आहे ते १२ ऑगस्ट २०१४ रोजी दिसलं. त्या दिवशी वाटांच्या जागतिक तक्त्याने ५,१२,००० ओळींचा टप्पा ओलांडला, आणि तेवढ्याच ओळींची सोय असलेले जुने राउटर ठिकठिकाणी अडखळले. आज तो तक्ता दहा लाखांच्या घरात आहे.

हे संकट आधीच ओळखून ऑक्टोबर १९९६ मध्ये याकव्ह रेख्टर आणि टोनी ली यांनी एक टिपण लिहिलं होतं. इंटरनेटच्या कारभाराच्या कागदपत्रांत त्याचा क्रमांक २००८. पत्ते मालकीने द्यायचे की उसने, असा सरळ प्रश्न त्यात घेतला आहे आणि कौल उसने देण्याच्या बाजूने आहे: ग्राहक सेवादाराकडे आहे तोवर पत्ता त्याचा, सोडून गेला की परत. कौल रुक्ष आहे, पण त्यात एक न्याय आहे. माझी एका दिवसाची कटकट वाचावी म्हणून जगातल्या प्रत्येक राउटरने कायमचा बोजा का वाहावा?

तरी मुनीमजींची बाजूही मला पोकळ वाटत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका ग्राहक कंपनीने सेवादार सोडताना पत्ते सोडायला नकार दिला. न्यायालयाने तात्पुरता आदेश देऊन तिला ते वापरू दिले, तेव्हा जाळी चालवणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. न्यायाधीशाला जे दिसलं तेच मुनीमजींना दिसत होतं: या आकड्याभोवती एक चालता धंदा उभा आहे. पुढे तर पत्त्यांना उघड भाव आला. दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. अॅमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे ताशी अर्धा सेंट भाडं घेते. ज्याला बाजारभाव आहे त्याला मालकही असणार, हा व्यापाऱ्याचा तर्क चुकीचा कसा म्हणावा? खरोखरच मालकासारखं राहायचं असेल तर वाटही आहे. आपल्याकडे आयआरआयएनएन या नोंदणीसंस्थेकडून स्वतःचा गट घ्यायचा, जाळ्याचा स्वतंत्र क्रमांक घ्यायचा, दोन सेवादारांशी करार करायचा आणि हे सगळं जाणणारा माणूस पदरी ठेवायचा. बँकेला, मोठ्या रुग्णालयाला ते परवडतं. काजू-बदामाच्या पेढीला नाही.

तेव्हा पत्ता बदलणार हे मान्य करून आम्ही कामाला लागलो. पेढीचं डोमेन होतंच, पण ते फक्त ई-मेलपुरतं. मी सर्व्हरलाही त्यात एक नाव दिलं आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, त्याची मुदत एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणली. मुदत म्हणजे इतरांनी उत्तर किती वेळ जपून ठेवावं त्याची मर्यादा. ती हलवण्याच्या आधीच कमी करावी लागते; हलवल्यावर करून उपयोग नसतो, कारण जुनी मुदत तोवर लोकांकडे पोचलेली असते. जुनी लाइन बंद न करता काही दिवस चालू ठेवायची आणि तिथल्या छोट्या राउटरने जुन्या पत्त्यावर येणारं सगळं नव्या जागी पाठवायचं, असं ठरलं. दोन लाइनींचं बिल एकदम भरायला शेठजी नाखूश होते. मुनीमजींनी समजूत घातली.

त्या छोट्या राउटरच्या नोंदी वाचणं हा या सगळ्यातला सर्वांत शिकवणारा भाग. नोंदींतला बहुतेक भाग कचरा असतो: जगभरची यंत्रं दिवसरात्र प्रत्येक पत्त्याचं दार ढकलून बघत असतात, त्यात आपला काही विशेष नाही. तो बाजूला सारला की खरी माणसं दिसू लागतात. नांदेडच्या शाखेचं बिलिंग नव्या नावाने येत होतं, पण तिथलाच दुसरा संगणक अजून जुन्या आकड्यावर. तो कोणी, कधी बसवला हे शाखेतही कोणाला आठवेना. आबिड्सच्या सीएच्या ऑफिसातून महिनाअखेरीला एक जोडणी आली. हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र दर काही मिनिटांनी जुन्या पत्त्यावर हाक मारत होतं. त्यात नाव टाकायची सोयच नव्हती, फक्त आकडे. आणि रोज एका ठरावीक वेळी कॅमेऱ्याचं चित्र कोणीतरी परदेशातून बघत होतं. शेठजींचा मुलगा, तिकडच्या रात्री झोपण्याआधी, दुकान उघडलेलं बघत असे. घरात हे कोणाला माहीत नव्हतं.

या प्रत्येकाने कधीतरी तो आकडा कुठेतरी लिहून ठेवला होता, आणि लिहिताना पेढीला विचारलं नव्हतं. पत्ता आपण देतो एकदा, तो साठवला जातो अनेक ठिकाणी, आणि त्या ठिकाणांची वही कोणीच ठेवत नाही. आपला पत्ता बदलला की त्रास आपल्याला होतो असं वाटतं. खरं तर तो होतो त्या वहीत नसलेल्या माणसांना. आयपी कोणाच्या मालकीचा हा वाद मला त्यानंतर दुय्यम वाटू लागला. पत्ता स्वतःचा असो की उसना, त्यावर विसंबलेल्यांची यादी ठेवणं हे काम आपलंच राहतं, आणि तेच आपण करत नाही.

नव्या पत्त्यालाही इतिहास असतो. आम्हाला मिळालेला पत्ता आधी कोणाकडे तरी होता, आणि त्याने त्यावरून नको ती मेल पाठवली असावी. आमची साधी भावपत्रकंही काही दिवस समोरच्यांच्या स्पॅममध्ये पडली. पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद सेवादाराकडूनच करून घ्यावी लागते. ती झाली, काळ्या याद्यांमधून नाव काढण्याचे अर्ज गेले, तेव्हा गाडी रुळावर आली.

यावरूनच उलटा विचार सुचला. आपण सोडलेल्या पत्त्यावर उद्या कोणीतरी येणार. पत्ते दुर्मीळ आहेत, सेवादार ते रिकामे ठेवत नाही. पेढीच्या बँकेत पैसे पाठवण्याची जी थेट जोडणी होती, ती ठरलेल्या पत्त्यांवरून आलेलीच विनंती ऐकत असे. नवा पत्ता त्या यादीत घालायला सगळे धावले, कारण त्यावाचून दुसऱ्या दिवशी पेमेंट अडलं असतं. जुना काढायची आठवण कोणालाच नव्हती, कारण तो राहिल्याने काही अडत नव्हतं. पासवर्ड आणि बाकीची कुलपं होती हे खरं. पण ज्या कुलपावर बँक एवढी भिस्त ठेवून होती, त्याची किल्ली आम्ही अनोळखी भाडेकरूच्या हाती सोडून निघालो असतो.

मुनीमजींनी बँकेला पत्र लिहिलं तेव्हा मसुद्यात एकच विनंती होती: नवा पत्ता यादीत घ्यावा. मी दुसरी घालायला सांगितली: जुना पत्ता यादीतून काढावा आणि काढल्याचं लेखी कळवावं. पहिल्या विनंतीचं उत्तर लगेच आलं. दुसरीसाठी त्यांना तीनदा फोन करावे लागले, आणि ते उत्तर हातात पडेपर्यंत शेठजींनी कुरकुरत का होईना, जुन्या लाइनीचं बिल भरणं चालू ठेवलं.