दहा प्राण आणि एक मोटारबोट

गंगेतल्या डॉल्फिनला बिहारमधले नावाडी ‘सोंस’ म्हणतात. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं. उजेड-अंधारापलीकडे त्याला फारसं काही कळत नाही. आवाजाचे बारीक ठोके सोडायचे आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, काठ कुठे ते ताडायचं, यावर त्याचा सगळा संसार. ठोक्यांची ही कंपनं माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेरची, म्हणून अभ्यासक पाण्यात हायड्रोफोन सोडतात. दाब बदलला की त्यातून विजेचा संकेत निघतो आणि संगणकाच्या पडद्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघा उमटतात. मोटारबोट जवळ आली की त्या रेघांवर इंजिनाच्या गोंगाटाचा पट्टा पसरतो.

बिहारमधल्या गंगेत असंच ध्वनिमुद्रण करून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोटींची वर्दळ वाढली की सोंसांच्या आवाजाची ठेवण बदलते, आणि पाणी उथळ असेल तर त्यांची जास्त शक्ती खर्ची पडते, असं त्यात दिसलं.

याला हिंसा म्हणायचं का?

प्रश्न त्याच भूमीतला आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी कोरवली. तीतला ‘गंगापुपुटक’ म्हणजे सोंसच, असं काही अभ्यासक मानतात. पण तिथे बंदी वधाला होती. इथे रक्ताचा थेंब सांडलेला नाही. बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत. बोटवाल्याच्या मनात सोंस नसतोच, तेव्हा त्या मापाने तो सुटतो.

जैन विचार त्याला इतक्या सहज सोडत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेफिकिरीशी जोडलेली आहे: प्रमादाने प्राण हिरावणं ती हिंसा. शिवाय जैन परंपरेत प्राण दहा, आणि त्यांतले पाच म्हणजे इंद्रियं. श्वास चालू असला तरी कान निकामी केला, तर एका प्राणावर घाला पडलाच. ज्याच्या डोळ्यांची उणीव कान भरून काढतात, त्याच्या बाबतीत तर हा हिशेब फार जड होतो. बोटवाला एकटा मात्र आरोपी नव्हे. प्रयागराज ते हल्दिया हा 1,620 किलोमीटरचा जलमार्ग आखणाऱ्यांच्या टेबलावर आता ही ध्वनिमुद्रणं आहेत. ‘ठाऊक नव्हतं’ ही सबब त्यांना उरलेली नाही.

पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून जैन साधू पावसाळ्यात चार महिने एका जागी थांबतात. गंगेत अडचण उलट्या ऋतूत येते. पाणी ओसरतं, सोंस उरलेल्या खोल डोहांत गोळा होतात आणि बोटींनाही तेच खोल पाणी हवं असतं. इंजिनांचा चातुर्मास पाळायचाच, तर तो उन्हाळ्यात पाळावा लागेल, निदान डोहांपुरता वेग कमी करून.