टीव्हीला बोले, घराला लागे

मालिका बघणाऱ्या बाईबद्दल शहाण्या माणसांचं एक मत ठरलेलं असतं. तिला म्हणे खरं-खोटं कळत नाही. पडद्यावरच्या नवऱ्याने बाहेर भानगड केली की ती खरोखर चिडते आणि तो नट पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दिसला तर त्यालाही दोन शब्द सुनावायला कमी करणार नाही. गंमत अशी, की क्रिकेटचा सामना बघताना 'अरे, तो चेंडू सोड ना!' असं टीव्हीवर ओरडणाऱ्या तिच्या नवऱ्याला कुणी भोळा म्हणत नाही. तो जाणकार, आणि ती मात्र भाबडी.

हे मत ज्यांचं आहे त्यांनी कोथरूडच्या माझ्या मावशीशेजारी संध्याकाळी साडेसात ते नऊ बसून बघावं. 'गेल्या सोमवारी हिच्या मंगळसूत्राला दोन वाट्या होत्या, आज एकच कशी?' 'हा वकील म्हणजे त्या दुसऱ्या मालिकेतला इन्स्पेक्टर.' 'या मुलीने नाटकाच्या दौऱ्यासाठी सुट्टी घेतलेली दिसते, म्हणून तिला माहेरी पाठवलंय.' 'आता फोन वाजेल आणि भाग संपेल.' फोन वाजतो आणि भाग संपतो. तारखा, करार, सेट, संकलन या सगळ्याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो. आणि त्याच दमात, भाजी निवडता निवडता, ती पडद्यावरच्या मुलाला म्हणते, 'मेल्या, आईशी असं बोलतात का?' एकाच मिनिटात दोन्ही. नाटक आहे हे तिला पक्कं माहीत असतं आणि तरीही ती त्यात असते.

पुण्याला तर हे नवीन असायचं कारण नाही. रंगभूमीवर नायिका होणारे बालगंधर्व पुरुष आहेत हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? तरी त्यांच्या शालूची, अंबाड्याची, दागिन्यांची ढब घरंदाज बायकांनी उचलली. इथल्याच 'प्रभात' फिल्म कंपनीने 1936 साली 'संत तुकाराम' काढला. त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. पुढे लोक त्यांच्या पाया पडत, असं सांगतात. पाया पडणाऱ्याला देहूचे तुकोबा तीनशे वर्षांपूर्वीच गेले हे काय माहीत नव्हतं? अलीकडचं उदाहरण घ्या. 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेत राणादा आणि पाठकबाई झालेले हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांचं डिसेंबर 2022 मध्ये पुण्यात खरंखुरं लग्न झालं, तेव्हा घरोघरी चर्चा झाली ती राणादा आणि पाठकबाईंच्या लग्नाची. अक्षया पुण्याची मुलगी, तिचं नाव सगळ्यांना माहीत. तरी माया होती ती पाठकबाईंवर.

तेव्हा प्रश्न भाबडेपणाचा नाही. खोटं आहे हे माहीत असताना एवढं तळमळून बोलायचं कशासाठी, हा आहे.

1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी याला एक उत्तर दिलं. पडद्यावरचा माणूस रोज घरात येतो, समोरासमोर बोलल्यासारखा बोलतो, त्यामुळे प्रेक्षकाला त्याची ओळख झाल्यासारखी वाटते. पण ही ओळख एकतर्फी असते, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या एकट्या प्रेक्षकाला ते लागू पडत असेल. आपल्याकडे मात्र दिवाणखान्यात आणखी माणसं असतात. सोफ्यावर सासरे, ओट्याशी सून, दारात चप्पल काढणारा मुलगा. बोलणं टीव्हीशी चाललेलं असतं, ऐकणारे घरचे असतात. लेकी बोले सुने लागे, ही आपली जुनी युक्ती. फरक एवढाच की लेकीच्या जागी आता मालिकेतली बाई आली आणि सून तीच राहिली.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 2019 मध्ये झी मराठीवर सुरू झालेली 'अग्गंबाई सासूबाई'. निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा, मुलगा मोठा, तिचा लाडका 'बबड्या'. तिच्या आयुष्यात गिरीश ओक यांनी रंगवलेला शेफ अभिजित राजे येतो, आणि सासूचं लग्न व्हावं म्हणून उभी राहते ती सून. विधवाविवाहावर या शहरात दीडशे वर्षं वाद झाले, महर्षी कर्व्यांनी 1893 साली स्वतः विधवेशी लग्न केलं, संस्था उभ्या राहिल्या. पण पन्नाशीतल्या बाईला सोबत हवीशी वाटणं, हा विषय जेवणाच्या टेबलावर कोण काढणार? मालिकेने तो काढला. मावशीच्या घरी त्यावर महिनाभर खडाजंगी चालली. 'मुलगा आहे ना, मग हिला काय कमी आहे?' असं मावशीच्या जाऊबाई म्हणाल्या. 'मुलाचा काय उपयोग? तो बघ बबड्या!' असं उत्तर मावशीने दिलं, आणि खोलीतल्या खऱ्या मुलाने मान मोबाइलमध्ये घातली. त्या घरात एक विधवा नणंद आहे. तिचं नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही पडली नाही.

तेच 'आई कुठे काय करते'चं. बंगाली 'श्रीमोयी'वरून आलेली ही मालिका डिसेंबर 2019 पासून पाच वर्षं चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती घटस्फोट घेते आणि उतारवयाकडे झुकताना नव्याने उभी राहते. तिच्या नवऱ्याला, मिलिंद गवळींच्या अनिरुद्धला, प्रेक्षकांनी जे झोडपलं, त्यातले कितीतरी फटके दुसऱ्याच कुणासाठी राखून ठेवलेले असणार. सुनावायचा माणूस शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेला असला, तर अनिरुद्ध बरा सापडतो.

आपल्या न्यायबुद्धीला जागा मिळते म्हणून मालिका गोड वाटते, आणि निर्माता नेमकं तेच ओळखून असतो. पाप्याला शिक्षा झाली की प्रेक्षक निवांत होईल. म्हणून शिक्षा लांबवायची. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं की त्यावर महाराष्ट्रभर विनोद फिरले, पण विनोद करणारेही दुसऱ्या दिवशी आठ वाजता हजर. एकदा दोन-तीन वर्षं दिली की पात्र नात्यातलं होतं, आणि नातं काही कंटाळा आला म्हणून तुटत नाही. शिवाय ही माया पडद्यापुरती राहत नाही. मालिकांमध्ये शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारणारे डॉ. अमोल कोल्हे 2019 मध्ये शिरूरमधून लोकसभेवर गेले. मतं काही केवळ भूमिकेमुळे पडली असं कुणी म्हणणार नाही. पण उमेदवाराची घराघरात आधीच ओळख असणं, ही पुंजी लहान नव्हे.

एवढं सगळं असून या प्रेक्षकाच्या मताला कुठेच किंमत नाही, ही खरी तक्रार. नाटकाचं परीक्षण पेपरात छापून येतं, सिनेमाला तारे मिळतात. वर्षाला तीनशे भाग दाखवणाऱ्या मालिकेची, जी कुठल्याही नाटकापेक्षा जास्त मराठी माणसं बघतात, तिची समीक्षा करतं कोण? मावशी आणि तिच्यासारख्या बायका. कथानक कुठे घसरलं, पात्र स्वभाव सोडून कधी वागलं, हे त्या नेमकं सांगतात. पण टीआरपीचं यंत्र एवढंच नोंदवतं की कोणता चॅनेल लावला होता आणि घरातलं कोण बघत होतं. कौतुक चाललं होतं की शिव्या, याची त्यात नोंद नाही. 'काय हा मूर्खपणा!' असं म्हणत बघितलेला भागही लेखकाच्या बाजूचं मत म्हणूनच मोजला जातो.

आता तर मुलं-सुना आपापली मालिका कानात इअरफोन घालून मोबाइलवर बघतात. वेळेच्या दृष्टीने सोय उत्तम. पण टोमणा मारायला आणि ऐकायला एकच खोली लागते. 'मालिका बघणं बंद कर' असा सल्ला मावशीला देणाऱ्यांनी आधी सांगावं, की नणंदेच्या लग्नाचा विषय त्या घरात दुसरं कोण काढणार होतं.