अपुरे शिखर

गेल्या भाद्रपदात मला हिवताप आला. आमच्या अंबरनाथला पावसाळ्यात ताप येणे ही काही दिवाळी अंकात सांगण्यासारखी बातमी नव्हे. उल्हासनगरला जाऊन रक्त तपासून घेतले, ‘व्हायव्हॅक्स’ असा शेरा मिळाला आणि डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. “ताप लवकर उतरेल, पण गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. हा जंतू यकृतात दडी मारून बसतो नि महिन्यांनी पुन्हा उठतो,” असे त्यांनी बजावले.

रविवारी दादा बदलापूरहून मला पाहायला आला. बरोबर त्याची लेक होती. माझी ही पुतणी पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झाली आहे. एका कारखान्यात तिला चांगली नोकरी चालून आली आहे आणि तिच्या मनात मात्र संशोधन आहे. चहाचा कप खाली ठेवता ठेवता दादाने विषय काढला, “तूच सांग हिला. तुझे ती ऐकते.”

मी काही सांगण्याआधी तीच म्हणाली, “काका, तुम्हांला झालेल्या याच तापावर चेतन चिटणीस आयुष्यभर काम करताहेत. तेही मूळचे पदार्थविज्ञानाचेच.”

मग तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. चिटणीस पवईच्या आय.आय.टी.त शिकले, म्हणजे आपल्याच लोकलच्या वाटेवर. पुढे अमेरिकेत बर्कलीला त्यांनी जीवभौतिकीत डॉक्टरेट मिळवली आणि ते लुई मिलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. या मिलर यांनी १९७६ साली एक कोडे उलगडले होते. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक लोकांना व्हायव्हॅक्स का होत नाही? तर त्यांच्या तांबड्या रक्तपेशींवर ‘डफी’ नावाचे प्रथिन नसते. जंतूला पेशीत शिरायला जी कडी धरावी लागते, तीच तेथे नाही! जंतूच्या अंगचा जो हात ही कडी धरतो, त्याचा नेमका पंजा कोणता, हे चिटणीस व मिलर यांनी १९९४ साली दाखवून दिले. हा पंजाच धरून ठेवायला शरीराला शिकवावे, ही त्यांच्या लशीची कल्पना. त्यासाठी ते दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत येऊन अनेक वर्षे खपले. २००४ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. ऑक्सफर्डमध्ये धडधाकट स्वयंसेवकांनी ही लस टोचून घेतली आणि मग जाणूनबुजून अंगात हिवतापाचे जंतूही घेतले. त्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तिसरी मात्रा उशिरा, चौदाव्या महिन्यात दिली, त्यांच्या रक्तात जंतू वाढण्याचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाला. संसर्ग मात्र टळला नाही.

दादाने हिशेब केला. “१९९४ ते २०२३. एकोणतीस वर्षे, आणि काम निम्मे?”

दादाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तो व्यापाऱ्याचा नव्हता, बापाचा होता. माणसाला आयुष्य एकच मिळते. ते अशा कामाला द्यावे काय, की ज्याचा शेवट आपल्या हयातीत दिसेलच असे नाही?

एक गंमत पाहा. मुलाला पस्तीस गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. शास्त्रज्ञाकडून मात्र आपल्याला शंभरच हवे असतात! खरे म्हणजे हिवतापाच्या बाबतीत निसर्गालाही शंभर मिळालेले नाहीत. डफी नसलेल्या माणसांनाही व्हायव्हॅक्स होऊ शकतो, हे पुढे मादागास्करमध्ये आढळले. पुन्हा पुन्हा ताप सोसलेल्या माणसाच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. पण तीही अर्धीमुर्धी, आणि तो गाव सोडून दूर राहिला की ओसरत जाते. पुण्यात तयार होणाऱ्या ‘आर२१’ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या ऑक्टोबरात शिफारस केली. ती फाल्सिपेरम या दुसऱ्या, अधिक घातक हिवतापावरची. तिलाही वर्षभराने पुन्हा मात्रा द्यावी लागते आणि तीही सर्वच मुलांना वाचवते असे नाही.

उलट, काम पुरे झाले असे मानण्याची किंमत आपण मोजलेली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. घरोघर डीडीटी फवारून १९६५ पर्यंत हा आकडा सुमारे एक लाखावर आला. आता संपलाच, असे वाटू लागले. डास डीडीटीला सरावले, कामात ढिलाई आली आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले.

तर मग प्रत्येक अपुरे काम थोरच म्हणावे काय? तसे म्हटले तर आळशी माणसाची मोठीच सोय होईल. माझ्या टेबलाच्या खणात तीन अर्धवट कादंबऱ्या आहेत, त्यांनाही मान द्यावा लागेल! मला वाटते, फरक असा. आळशी माणूस आपले काम कोठवर आले हे सांगत नाही. चिटणीसांच्या मंडळींनी ५१ हा आकडा लिहिला आणि संसर्ग टळला नाही हेही लिहिले. पुढच्याने कोठून सुरुवात करायची ते त्याला कळले. ज्या अपुऱ्या कामावर दुसरा उभा राहू शकतो, ते काम त्या माणसापुरते पुरे झाले, असे मला वाटते.

हे मी बोललो खरा. पण नोकरी सोड, असे पुतणीला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्याच्या आयुष्याचा त्याग सुचवणे फार सोपे असते.

संध्याकाळी बरे वाटत होते, म्हणून तिघे शिवमंदिराकडे गेलो. शके ९८२चे, म्हणजे १०६० सालचे हे देऊळ. गाभारा जमिनीखाली, वीसेक पायऱ्या उतरून जावे लागते. वर शिखर पुरे नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आकाश. तरी पूजा चालूच आहे. दादा बराच वेळ वर पाहत उभा राहिला. काहीतरी मोठे बोलेल असे मला वाटले.

पायऱ्या चढताना त्याने लेकीला विचारले, “काय गं, संशोधनात सुरुवातीला पैसे किती देतात?”

तिने आकडा सांगितला. दादाने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते अंधारात दिसले नाही.

घरी आल्यावर मी आठवणीने गोळी घेतली. अजून नऊ उरल्या होत्या.