बनी तो बनी...

आमच्या परभणीवर एक जुनी म्हण आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ तिच्या उगमाविषयी माणसे निरनिराळ्या गोष्टी सांगतात. अर्थ मात्र सर्वांना ठाऊक आहे. बाहेर जाऊन नशीब अजमावावे, जमले तर उत्तम, न जमले तर परतीची गाडी आहेच. लहानपणी आम्ही ही म्हण गमतीने म्हणत असू. आता तिसावे वर्ष सरत आले असताना तिच्यातला ‘नहीं तो’ जड वाटू लागला आहे.

गेली काही वर्षे मी पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहे. पूर्वपरीक्षा दोनदा पार पडली, मुख्य परीक्षेने दोनदा परत पाठविले. गोदाकाठच्या गावांतून आलेली माझ्यासारखी अनेक मुले त्या शहरात आहेत. मागे घरी कापूस आणि सोयाबीन, म्हणजे पाऊस व बाजारभाव या दोन अनिश्चितता. पुढे निकालाची तिसरी. आपले आयुष्य अजून सुरूच व्हायचे आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत असतो. प्रभू येशूने आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे संत लूक सांगतो. हा दाखला आमच्यापैकी एकाने खोलीत दिला तेव्हा सगळे हसले. हसण्यात थोडी भीतीही होती.

या काळात मी नवे चित्रपट फारसे पाहिले नाहीत, जुनेच पुन्हा पाहिले. बालपणी पडद्यावर बांधलेल्या चादरीवर ‘दयासागर’ पाहिला होता. मूळ तेलुगू चित्रपट १९७८ चा. वधस्तंभाच्या प्रसंगी शेजारच्या आजीबाई शिपायांना मोठ्याने शिव्याशाप देत होत्या, ते अजून आठवते. पुढे दूरदर्शन संचावर १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ किती वेळा पाहिला याची गणती नाही. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडे नेसून आले की आम्ही लोळून हसत असू. पुण्यात आल्यावर ध्यानात आले की ही चार तरुणांना डोके टेकायला जागा न मिळण्याची गोष्ट आहे. चित्रपट तसाच होता. घरमालकांच्या दारात उभा राहून मीच थोडा बदललो होतो.

परंतु माझा खरा प्रश्न ‘श्वास’शी जडलेला आहे. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००३ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘श्यामची आई’ला १९५४ साली मिळालेल्या सुवर्णपदकानंतर अर्ध्या शतकाने मराठीच्या वाट्याला आलेला तो मान. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला, शस्त्रक्रियेने प्राण वाचणार पण दृष्टी जाणार. तेव्हा आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, दिसते आहे तोवर जग दाखवायला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. आजोबांच्या मांडीवर बसून रडलो, आणि त्यांनीच माझे डोळे पुसले.

पंधरा वर्षांनी त्याच आजोबांची दृष्टी काचबिंदूने मंदावत गेली. त्यांनी निरोप पाठविला : दिसतंय तोवर एकदा येऊन जा. पूर्वपरीक्षा सहा आठवड्यांवर होती. परीक्षा झाली की येतो, असे मी कळविले. त्यानंतर दुसरे काही निघाले. दिवाळीत घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून मला ओळखले. ते काही बोलले नाहीत.

संत ऑगस्टिनने आपल्या ‘कबुली’त कार्थेज नगरीतील नाटकांविषयी एक कठोर विचार मांडला आहे. प्रेक्षक दुसऱ्याच्या दुःखाने रडतो, पण त्याला मदतीला धावून जाण्यास कोणी बोलावीत नाही, केवळ रडण्यास बोलावितात. आणि जितके अधिक रडू येईल तितका तो नटावर अधिक खूश होतो. ही कसली करुणा? आपल्या रसशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे नसते म्हणूनच त्यातून रस निर्माण होतो, असे ते मानते. मला दोन्ही पटतात. पण आजोबांचा हात चेहऱ्यावर फिरत असताना मला ऑगस्टिनच आठवला. ‘श्वास’ने मला खोटे काही सांगितले नव्हते. ‘दिसतंय तोवर’ या शब्दांचा अर्थ मला वयाच्या नवव्या वर्षीच कळला होता. गरज पडण्याच्या कितीतरी आधी. चूक इतकीच झाली की रडलो तेव्हाच त्याची किंमत चुकती झाली, असे मी धरून चाललो.

त्याच ग्रंथात पुढे ऑगस्टिन मिलानमध्ये आहे. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा ग्रंथ वाचून त्याला सत्याचा ध्यास लागला होता. आता तिसावे वर्ष चालू आहे आणि तो अजून त्याच चिखलात रुतलेला आहे. उद्या सापडेल, उद्या करीन. सकाळ विद्यार्थ्यांत जाते, उरलेला वेळ थोरामोठ्यांच्या भेटींत. सोळा शतकांपूर्वीचा हा मनुष्य आमच्या अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसलेला असावा, असे मला वाटून गेले. अनिश्चितता हे त्याचे दुखणे नव्हतेच. अनिश्चिततेचे निमित्त करून जी गोष्ट निश्चित कळली आहे तीसुद्धा पुढे ढकलणे, हे होते. आमचा निकाल लागेल की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. घरी म्हातारे माणूस वाट पाहत आहे, हे मात्र पक्के ठाऊक असते.

आजोबा आता नाहीत. पुढच्या परीक्षेस बसावे की परतावे, हे मी अजून ठरविलेले नाही, आणि ठरविल्याचा आव आणणार नाही. मागच्या महिन्यात मात्र काही निमित्त नसताना गावी गेलो. रात्री वडिलांसोबत ‘श्वास’ पुन्हा लावला. ते मध्येच झोपतील असे वाटले होते, पण शेवटपर्यंत पाहत राहिले. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “इतके दिस दवाखान्यात काढल्यावर, माघारी त्या म्हाताऱ्याचं घर कोन बघत असंल रे?”

मला उत्तर सुचले नाही. ते उठले आणि कंदील घेऊन बैलांना वैरण टाकायला गेले. मीही चपला घालून त्यांच्यामागे गेलो.