बाटलीवरची चिठ्ठी

मेढा, ता. जावळी, जि. सातारा

चि. ताईस,


दोन वर्षं होत आली तरी तुझा एकही पेपर छापून आला नाही आणि तुझ्याच गटातल्या मुलाचे चार झाले, हे वाचून तुझ्या जिवाची घालमेल इथं बसून समजली. गोळा केलेल्या मोजमापांचे तीन वाटे कर आणि तीन छोटे पेपर काढ, म्हणजे नाव दिसायला लागेल, असं तुला सुचवलं जातंय. करू का, असं तू विचारलंस. नको करूस. एका भाकरीचे तीन तुकडे करून तीन भाकऱ्या वाढल्या म्हणण्यातला तो प्रकार आहे, आणि जेवणाऱ्याला ते पहिल्या घासालाच कळतं. बर्लिनच्या श्प्रे नदीच्या तळातले किडे तू चारही ऋतूंत मोजलेस. त्या सगळ्या ऋतूंचं मिळून एकच म्हणणं आहे. हिवाळा एका जर्नलात आणि उन्हाळा दुसऱ्यात गेला, तर नदीचं सबंध वर्ष कुणाला दिसणार?

एवढ्यानं तुझं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्यापुढं शिष्यवृत्तीच्या मुदतीचा प्रश्न आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मेढ्याचं नाव प्राणिशास्त्राच्या जुन्या कागदपत्रांत शंभराहून अधिक वर्षं आहे, हे तुला शाळेत कुणी सांगितलं नसेल. १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले ग्रेव्हली नावाचे प्राणिशास्त्रज्ञ वेण्णा आणि कोयना या नद्यांच्या खोऱ्यांत हिंडले. इथं जे सापडलं ते त्यांनी कलकत्त्याला नेलं. त्या नमुन्यांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा एक ओळ येते: मेढा, येन्ना (म्हणजे आपली वेण्णा) खोरं, सातारा जिल्हा, सुमारे २,२०० फूट. गाव, नदी, जिल्हा आणि उंची. सोबत गोळा करणाऱ्याचं नाव आणि तारीख. नमुन्याच्या बाटलीवर असते तेवढीच ती चिठ्ठी. त्या नमुन्यांवरून तेव्हा जे निष्कर्ष काढले गेले, त्यांतले काही पुढं बदलले, प्राण्यांची नावंही बदलली. चिठ्ठी मात्र तशीच कामाची राहिली. उद्या कुणी वेण्णेच्या काठी तोच जीव शोधायला आला, तर त्याला कुठं जायचं ते कळतं. मेढ्याच्या खाली कण्हेरचं धरण झालं, पाण्याचा स्वभाव बदलला. आधी काय होतं हे सांगणारी साक्ष म्हणून त्या जुन्या ओळींचं मोल उलट वाढलं.

ग्रेव्हलींबरोबर या कामात शंकर पुरुषोत्तम आघारकर होते. (टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर वेगळे. आपल्या जिल्ह्यात हा घोटाळा हटकून होतो.) जन्म मालवणचा, १८८४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सुट्टीत सह्याद्री पालथा घालायचा, हा त्यांचा क्रम. तसं हिंडतानाच सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाला जेलीफिशचं काय अप्रूप, असं वाटेल. पण या प्रजातीतला (जीनसमधला) जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होता. टांगानिका सरोवरातला जीव कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत कसा आला, हा प्रश्न त्या शोधानं जगापुढं ठेवला. लिम्नोक्निडा इंडिका हे नाव त्याला म्युझियमच्या अॅनन्डेल साहेबांनी दिलं, आणि शास्त्राच्या रिवाजानुसार प्राण्याच्या नावामागं अॅनन्डेल हेच नाव लागतं. त्याच्या सवयी आणि तो कुठंकुठं आढळतो याबद्दलचं टिपण मात्र ग्रेव्हली आणि आघारकर अशा दोघांच्या नावानं छापलं गेलं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लेखकांच्या नावांचा प्रश्न तुझ्यापुढंही येणार. पाण्यात उतरणारी तू, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारी तू, आणि पेपरवर पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं, असं होऊ शकतं. त्याबद्दल रागावून बसू नकोस आणि गप्पही राहू नकोस. काम सुरू होतानाच गाईडबाईंशी बोलून घे: कोणत्या लेखात कुणाचं नाव कितवं, आणि का. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींची ई-मेल पाठव, ‘आज असं ठरलं’ म्हणून. तुला संकोच वाटेल. आपल्याकडं थोरांशी असं बोलत नाहीत. पण तिकडं याला उर्मटपणा समजत नाहीत, आणि समजले तरी बोल.

आघारकर पुढं तर तुझ्याच शहरात शिकायला आले होते. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाल्यावर ते उच्च अभ्यासासाठी बर्लिनला गेले, आणि १९१४ चं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणून जर्मनीनं त्यांना स्थानबद्ध केलं. कित्येक वर्षं हातातून गेली. डॉक्टरेट मिळाली ती १९१९ मध्ये, अॅडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली. विषय होता वायव्य भारतातल्या रुक्ष आणि खारवट जमिनीवरच्या वनस्पती पसरतात कशा, आणि मुळात आल्या कुठून. बघ, जेलीफिशच्या वेळचाच प्रश्न, फक्त प्राण्याच्या जागी झाड. जीव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा जातो, हे कुतूहल त्यांनी स्थानबद्धतेतही मरू दिलं नाही. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. १९९२ पासून तिथल्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. ‘दोन वर्षं वाया गेली’ असं तू लिहिलंस ना? वर्षं अशी वाया जात नाहीत. प्रश्न हातचा सुटला तर मात्र जातात.

बर्लिनच्याच दुसऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहायचं आहे. इरावतीबाई कर्वे १९२७ च्या सुमारास तिकडं गेल्या. दालेममधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. हा फरक युरोपीय लोकांत अधिक असतो आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशरांची धारणा होती. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच धारणेच्या विरुद्ध आकडे, आणि वय पंचविशीच्या आतबाहेर. तरी त्यांनी आकडे वाकवले नाहीत. हेच फिशर पुढं नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. ती इमारत इनेश्ट्रासेवर अजून उभी आहे, आता फ्राय विद्यापीठाकडं आहे, आणि तिथं काय चाललं होतं ते सांगणारा फलक भिंतीवर लावलेला आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये.

‘अपेक्षित तो फरक सापडला नाही’ हाही निष्कर्षच आहे. तू लिहितेस की तुझ्या दोन ठिकाणच्या मोजणीत काहीच फरक आला नाही, म्हणून तो भाग टाकून द्यावा म्हणतेस. टाकू नकोस. नीट मोजून फरक आला नसेल, तर तसं लिही. नाहीतर तुझ्यानंतर तीच मोजणी करायला दुसरी कुणी मुलगी दोन हिवाळे थंड पाण्यात उभी राहील.

इरावतीबाईंचं आणखी एक काम आपल्या अंगणातलं आहे. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली आणि डेक्कन कॉलेजनं ती १९६९ मध्ये छापली. बामणोली-तापोळ्याकडची माणसं घरदार सोडून कुठं गेली, तिथं त्यांचं कसं चाललं, हे त्यात आहे. जगातल्या किती अभ्यासकांनी त्या पुस्तकाचा हवाला दिला हे मोजून त्याची किंमत ठरवायची म्हटलं, तर जावळीच्या माणसाला ती किंमत कधी समजणारच नाही. लायडनच्या अभ्यासकांचा हात असलेला ‘लायडन जाहीरनामा’ २०१५ साली प्रसिद्ध झाला. संशोधन कसं जोखावं याची दहा तत्त्वं त्यात आहेत, आणि तिसरंच तत्त्व हे, की स्थानिक महत्त्वाच्या उत्तम कामाला आकड्यांपायी धक्का लागू देऊ नये.

आता त्या आकड्यांबद्दल. तुझ्या गटात ज्या एच-इंडेक्सची सारखी चर्चा होते, तो २००५ मध्ये हर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा हवाले मिळाले, तर इंडेक्स दहा. मोजायला सोपा, म्हणून सगळ्यांनी उचलला. त्यातून पेपर वाढवण्याची जी चढाओढ लागली तिचं टोक बघायचं, तर २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांवर शोधनिबंध मागं घ्यावे लागले. विकत घेतलेले पेपर, बनावट परीक्षक, असले प्रकार त्यांत होते. हे ओळखून युरोपातल्या संस्थाही वळायला लागल्या आहेत. जर्मनीच्याच संशोधन-निधी संस्थेनं, डीएफजीनं, २०१० मध्ये नियम केला की अर्जातल्या परिचयात सर्वांत महत्त्वाचे पाचच लेख द्यायचे. नेदरलँड्सच्या उत्रेख्त विद्यापीठानं २०२१ मध्ये ठरवलं की माणूस नेमताना किंवा बढती देताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणाऱ्या हवाल्यांची सरासरी, बघायचा नाही. म्हणजे मी तुला सांगते आहे ती निव्वळ गावाकडची समजूत नाही. रस्ता अजून अर्धाच वळला आहे, हेही खरं. त्यामुळं तुला काही त्रास सोसावा लागेल, आणि तो सोसावा असंच माझं मत आहे.

थोडक्यात लिहिण्याचंही एक उदाहरण घे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींचा केंब्रिजचा प्रबंध चाळीस पानांचा होता. दुर्गाबाई भागवतांच्या त्या सख्ख्या बहीण. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. चाळीस पानांत सांगून होत असेल, तर एक्केचाळिसावं पान लिहायचं नाही.

मोजमापांची वही रोजच्या रोज भर. काठावर उभी असतानाच भर, खोलीवर आल्यावर नको. पाण्याचं तापमान, वेळ, जागा, त्या दिवशी जाळी कुणी धरली, सगळं लिही. आणि ते एकाच ठिकाणी ठेवू नकोस. तुझ्या दालेममधल्या वनस्पतिसंग्रहालयावर १९४३ मध्ये बॉम्ब पडले आणि जगातला एक थोर नमुनासंग्रह जळाला. ज्या नमुन्यांच्या जोड्या इतर शहरांत होत्या, त्या जोड्या मात्र वाचल्या. तुझ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की मूळ आकडे विद्यापीठाच्या साठ्यात ठेव, आणि प्रबंध झाल्यावर झेनोडोसारख्या खुल्या साठ्यातही टाक. सर्न संस्था तो चालवते, पैसे पडत नाहीत.

आठवड्यात छापून देतो आणि अमुक युरो भर, अशी पत्रं येतात त्यांना उत्तरच देऊ नकोस. मात्र चांगल्या जर्नलात लेख सर्वांना खुला ठेवायची सोय असेल, तर ती घेच. जर्मन विद्यापीठांचे मोठ्या प्रकाशकांशी करार आहेत, त्यामुळं पुष्कळदा लेखकाला खिशातून काही द्यावं लागत नाही, फक्त अर्ज वेळेत भरावा लागतो. इथं माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला एकेक लेख विकत घेऊन वाचणं परवडत नाही. सरकारनं २०२५ पासून एकत्रित वर्गणीची योजना आणली आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी. घरी बसून वाचणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

गाईडबाईंना या आठवड्यात भेट. तीन नव्हे, एकच पेपर, चारही ऋतूंचा, आणि तो अमुक महिन्यापर्यंत, असं वेळापत्रक कागदावर घेऊन जा. नुसतं ‘मला घाई नको’ म्हणून जाऊ नकोस. मुदत वाढवून मागायची असेल, तर आत्ताच माग, शेवटच्या महिन्यात नाही. त्या नाही म्हणाल्या, तर कोणत्या कारणानं म्हणाल्या ते शब्दशः लिहून मला कळव, मग पुढचं बोलू.

आणि पहिला खर्डा तयार झाला की मला पाठव. इंग्रजी असू दे. श्प्रेत तू वापरलेली मोजणीची पद्धत वेण्णेवर चालेल का, हे इथल्या कॉलेजच्या मुलांबरोबर बघायचं मनात आहे, पाऊस लागायच्या आत. जाळीच्या छिद्राचं माप आणि किती वेळ तळ ढवळायचा, एवढं तरी आधी कळव.

तुझी,
आत्या