चावडीवरचा वाचक

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे आपले पंडित ग्रंथ मोजतात, ग्रंथकारांची चरित्रे धुंडाळतात, आवृत्त्यांची साले काळजीपूर्वक नोंदवतात. परंतु तो ग्रंथ कोणत्या घरी, कोणत्या दिव्यापाशी आणि कोणाच्या तोंडून ऐकला गेला, याची नोंद त्यांच्या दफ्तरी सहसा सापडत नाही. या उणिवेमुळे जुन्या काळचा सामान्य माणूस वाचनापासून दूरच होता असा एक समज सुशिक्षितांत रुजला आहे, आणि तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो.

कुपवाडचेच पाहा. आज सांगली-मिरजेबरोबर एकाच महापालिकेत नांदणारे आणि कारखान्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव दोन महायुद्धांच्या काळी पटवर्धन संस्थानिकांच्या दोन राजधान्यांच्या मधले शेतकऱ्यांचे गाव होते. एका अंगाला सांगलीचे नगर वाचनालय, 1869 पासून चालत आलेले, दुसऱ्या अंगाला मिरज, जेथे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले, आणि या दोहोंच्या मधल्या वाटेवर 1919 साली उभे राहिलेले विलिंग्डन महाविद्यालय. विद्येची अशी ठाणी हाकेच्या अंतरावर असतानाही नांगर धरणाऱ्याच्या हाती पुस्तक क्वचितच जाई, कारण 1931 च्या खानेसुमारीत साऱ्या हिंदुस्थानात शेकडा साडेनऊच माणसे साक्षर निघाली होती. म्हणून अशा गावाने काय वाचले हे शोधायचे, तर ग्रंथालयाची यादी मिटवून ठेवून, गावाने काय ऐकले याचा माग काढावा लागतो.

शांततेच्या काळात गावोगाव ऐकली जाई ती पोथी. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा ‘हरिविजय’ 1702 चा, ‘रामविजय’ 1703 चा, ‘पांडवप्रताप’ 1712 चा; पेशवाई गेली, इंग्रजी आली, छापखाने निघाले, तरी चातुर्मासात देवळाच्या ओसरीवर समई लागे, वाचणारा चौरंगापुढे बसून रुमाल सोडी, सुट्या लांबट पानांची चवड पुढ्यात ठेवी, वाचून झालेले पान उलटून बाजूला सारी, आणि ओवी संपली की शेजारचा जाणता तिचा अर्थ चार सोप्या शब्दांत सांगे. ऐकणाऱ्यांना कथा पाठ असे. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे वर्षानुवर्षे माहीत असूनही त्या अध्यायाला बायाबापड्यांचे डोळे भरून येत, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय ऐकायला सगळी माणसे पुन्हा वेळेवर हजर असत. शेवट ठाऊक असलेल्या मजकुराकडे माणूस कुतूहलाने जात नाही, आधारासाठी जातो. आणि आपल्या खेड्यांच्या वाचनाचा पाया शतकानुशतके हा आधार होता.

युद्धाने या पायाला धक्का दिला. 1914 साली साताऱ्याच्या मुलखातून पलटणीत भरती झालेले तरुण फ्रान्स, मिसर आणि मेसोपोटेमियाकडे रवाना झाले. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान त्या युद्धात कामी आले. 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा येथे जी फौज शरण गेली, तीत मराठा पलटणी होत्या. घरी येत ती पत्रे, सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेली, ‘शिरसाष्टांग नमस्कारा’ने उघडणारी आणि खुशालीपलीकडे फारसे काही न सांगणारी. ही पत्रे वाचायची कोणी? बहुधा त्यानेच, जो चातुर्मासात पोथी वाचीत असे; नाहीतर शाळेच्या मास्तरांनी किंवा टपालाचा बटवडा करणाऱ्या पोस्टमनने. काल ज्या कंठातून अभिमन्यूचा वध ऐकला, त्याच कंठातून आज आपल्या पोराची खुशाली ऐकायची, आणि या कथेचा शेवट मात्र ना वाचणाऱ्याला ठाऊक, ना ऐकणाऱ्याला. खेड्यातल्या माणसाने, माझ्या मते, येथे प्रथम कान देऊन बातमी वाचली: पत्राची तारीख किती जुनी, मध्ये किती दिवस गेले, मजकुरात कोणते नाव आले नाही, हे सारे तो अक्षर न ओळखता वाचू लागला. पत्र पुनःपुन्हा वाचून घेण्याची जुनी रीत त्याने सोडली नाही; परंतु पोथीत ज्या आवर्तनाने मन निवत असे, पत्रात त्याच आवर्तनाने ते अधिक घोर होई.

1939 चे युद्ध आले तोवर वृत्तपत्र खेड्यात पोहोचले होते. पुण्याहून ‘केसरी’ आणि 1932 पासून ‘सकाळ’, कोल्हापूरहून ‘पुढारी’. आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून, 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर’ मासिक, ज्याच्यामागोमाग 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगर आणि मासिक एकाच वाडीत तयार व्हावे, हा या मुलखाचा मोठा अभिमानाचा विषय आहे. पण नेमक्या या वेळी कागदावर नियंत्रण बसले, वृत्तपत्रांची पाने घटली. आणि 1942 साली ब्रह्मदेश पडल्यावर तेथून येणाऱ्या घासलेटची टंचाई झाली. विजेविना जगणाऱ्या गावात रात्रीचे वाचन कंदिलाच्या तेलावर अवलंबून असते, ही साधी गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात कोठेच येत नाही. तेल तोलूनमापून मिळू लागले की वाचन दिवसाच्या उजेडात येते. मग एक अंक चावडीवर दहा जणांत वाचला जातो, शिळा झाला की वाण्याच्या दुकानी पुडीला लागतो, आणि पुडी सोडताना शाळकरी पोर त्यावरचा अर्धा मजकूर आईला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवते.

त्याच वर्षी ‘चले जाव’ची चळवळ पेटली, आणि पुढे सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जे वाचणे गुन्हा होता ते आता हातोहात फिरू लागले: भूमिगतांची पत्रके, खरबरीत कागदावरची, वाचून झाली की चुलीत घालायची. सरकारी जाहीरनामा एक सांगतो आणि पत्रक दुसरे सांगते, तेव्हा दोन्ही ऐकून तिसरे सत्य आपल्या मनाशी ठरवायचे, ही विवेकबुद्धी कोणत्याही शाळेने शिकवली नव्हती. त्याच सुमारास वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, ज्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही, मुंबईच्या कामगारवस्तीत स्टालिनग्राडचा पोवाडा रचून गात होते. अफझलखानाचा वध ऐकत आलेल्या श्रोत्यांना व्होल्गाकाठचे युद्ध त्यांनी त्यांच्याच ओळखीच्या चालीत आणून दिले. दूरची बातमी आपल्या छंदात बसवल्यावाचून आपली होत नाही, हे त्या शाहिराने जितके ओळखले तितके आमच्या संपादकांनी ओळखले नाही.

कादंबरीचा वाचक निराळा होता. सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ 1942 साली प्रसिद्ध झाली. ती वाचली शहरातल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी, आणि मधल्या खेड्यांतून एखाद्या सासुरवाशिणीने माहेराहून आणून दुपारच्या निवांतपणात.

अमेरिकेने 1943 ते 1947 या काळात आपल्या सैनिकांसाठी खिशात मावतील अशा पुस्तकांच्या 12 कोटींहून अधिक प्रती छापल्या. आपल्या जवानाच्या किंवा त्याच्या आईच्या वाचनाची काळजी एवढ्या आस्थेने कोणी वाहिली नाही. मुंबई सरकारने 1939 साली ग्रंथालयांच्या विस्तारासाठी फैजी समिती नेमली खरी, पण तिच्या शिफारशींना हात लागला तो 1947 साली. कोल्हापूर संस्थानाने मात्र 1945 मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

या साऱ्या वाचनाचा पुरावा फार नाजूक जागी आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि जुन्या ग्रंथांची मोठी हानी झाली. ग्रंथ दुसरीकडे मिळतील, परंतु एखाद्या वाचनालयाच्या देवघेवीच्या वह्या, कोणी काय नेले आणि केव्हा परत केले हे सांगणाऱ्या, एकदा भिजल्या की त्यांची दुसरी प्रत जगात नसते. घरोघरच्या ट्रंकांत अजून पोथ्या आहेत, कोठे शेवटच्या पानावर कोणाच्या जन्माची, पुराची, दुष्काळाची नोंद आहे. पलटणीतून आलेली कार्डे आहेत. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही ठिकाणच्या वाचनालयांनी व शाळांनी ही सामग्री उतरवून घेण्याचे काम यंदाच अंगावर घ्यावे, कारण 1942 साली चावडीवर बसून ज्यांनी ते वाचन कानांनी ऐकले, ते आता नव्वदीच्या घरात आहेत.